नजरेने नव्हे, मापाने

पुणे

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू एवढा वेळ बसलीस आणि निघताना, चपला घालता घालता, "मॅडम, मी नेमके काय करू?" असे विचारून गेलीस. परदेशातली सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यावी की भोरकडच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू व्हावे, या वादात मला फारसा रस नाही. कुठेही जा, पण जिथे जाशील तिथे मोजल्याशिवाय बोलू नकोस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली गर्भारपण आणि बाळंतपणाशी निगडित कारणांनी जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या. रक्तस्राव हे त्यातले फार मोठे कारण आहे, आणि तो आपण अजूनही डोळ्यांनीच जोखतो. चादरीत मुरलेले, गाठी होऊन ट्रेमध्ये पडलेले, बादलीतल्या पाण्यात मिसळलेले रक्त पाहून मुरलेला माणूससुद्धा कमीच अंदाज करतो. केसपेपरवर 'सुमारे २५० मिली' असे उमटते आणि बाई मात्र पांढरीफटक पडत जाते.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तू वाचला असशीलच. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची आणि स्राव वाढताच गर्भाशयाचा मसाज, औषधे, सलाईन आणि तपासणी हे सारे एका दमात सुरू करायचे, एवढीच त्यातली रीत होती. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जेमतेम निम्म्या घटना ओळखल्या जात होत्या. या रीतीने ते प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्याने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. पिशवीने रक्त थांबत नाही, हे मलाही कळते. पण आकडा समोर असला की सिस्टरला कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही.

मी ज्या रुग्णालयात होते, तिथे भिजलेले पॅड तोलायला लावले तेव्हा "मॅडमनी वॉर्डाचे किराणा दुकान केले" असे सगळे हसले. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलीटर, कोरड्या पॅडचे वजन वजा करा, इतके सोपे गणित. तरी काही महिन्यांत वरिष्ठांनी तो काटा कपाटात घालून कुलूप लावले. मी तुसडी होते असे अजून म्हणतात. असेन. गोड बोलून कोणी काटा बाहेर काढला असता, तर मीही गोड बोलले असते. सलते ते एवढेच, की माझ्यामागे तिथे तो आग्रह धरणारे कोणी उरले नाही.

बाळांचेही तेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करायला, ताप पाहायला, मिनिटाचे श्वास मोजायला शिकवले आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. आज आशाताई पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन घरोघर जाते, त्याची मुळे तिथे आहेत. श्वास ६० च्या वर गेले हे मोजून सांगणारी बाई 'बाळ जरा मलूल वाटते' म्हणणाऱ्या पदवीधरापेक्षा मला केव्हाही चालेल. (हा टोमणा तुलाच आहे.)

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे ऑक्सिटोसिन हे औषध २ ते ८ अंशांत राहायला हवे, हे तू परीक्षेत लिहिलेस. आता फ्रिजवरचा तापमानाचा तक्ता बघ. आठवडाभराचे आकडे एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरलेले दिसले, तर ते मोजणे नव्हे.

पुढच्या रविवारी येताना तुझ्या प्रसूतिकक्षातल्या नोंदवहीतला रक्तस्रावाचा रकाना, नावे वगळून, गेल्या तीन महिन्यांचा उतरवून आण. किती ठिकाणी 'सुमारे' लिहिले आहे ते आधी मोज, मग पदवीचे बोलू.

तुझी,
मॅडम