टिळकांनी संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला, म्हणजे ते बालविवाहाच्या बाजूचे होते का?

तुम्ही विचारलंय की १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला लोकमान्यांनी विरोध केला, तो बालविवाह टिकावा म्हणून की फक्त इंग्रजांचा हात घरात शिरू नये म्हणून. माझ्या मते बालविवाह टिकावा असं टिळकांना वाटत नव्हतं. पण विरोध निव्वळ इंग्रजांना होता, हे नेहमीचं उत्तरही मला पुरेसं वाटत नाही.

आधी कायद्याचं नीट समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. हा कायदा लग्नाच्या वयाचा नव्हताच. लग्न पाळण्यात लावलं तरी त्याला आडकाठी नव्हती. बायको अमुक वयाच्या आतली असताना नवऱ्यानं तिच्याशी संबंध ठेवला तर गुन्हा, इतकंच त्यात होतं. ते वय आधी १० होतं, ते १२ केलं. कलकत्त्याची फुलमणी दासी दहा-अकरा वर्षांची पोर. नवऱ्याच्या जबरदस्तीनंतर रक्तस्राव होऊन ती मेली. १८९० मध्ये खटला उभा राहिला, पण तिनं दहा वर्षं ओलांडलेली असल्यामुळे बलात्काराचं कलम लागू होईना. नवरा वर्षभराच्या सक्तमजुरीवर सुटला. कायदा आणण्याचं निकडीचं कारण ते होतं. पारशी पत्रकार आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्याच्या कितीतरी आधी, १८८४ पासून, या विषयावर लिहीत होते.

महाराष्ट्रात वाद पेटला तो गर्भाधान संस्कारावरून, म्हणजे नवरा-बायकोच्या पहिल्या संबंधाच्या धार्मिक विधीवरून. मुलीला न्हाण आलं, म्हणजे पहिली पाळी आली, की मखरात बसवायचं, ऋतुशांती करायची आणि मग तिची नवऱ्याकडे पाठवणी. टिळकांचा मुद्दा असा, की एखाद्या मुलीला बाराच्या आत न्हाण आलं तर हा कायदा धर्मकृत्यालाच गुन्हा ठरवतो, आणि १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीनं धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन दिलेलं आहे. यावर संस्कृत पंडित डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रातूनच उत्तर दिलं की पहिल्याच ऋतूला गर्भाधान केलं पाहिजे अशी सक्ती शास्त्रात नाही. त्या वादात भांडारकरांची बाजू मला अधिक भक्कम वाटते.

हे मखर मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी पणजी मी दहा-अकरा वर्षांचा असेपर्यंत होती. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं, मखरात बसली तेराव्या. मखराचं वर्णन ती हौसेनं करायची. केळीचे खांब, हिरवी चोळी, बायकांची गाणी, सगळं. पुढच्या दिवसांबद्दल विचारलं की "पोरांनी नाही विचारू" म्हणून वाती वळायला घ्यायची. हे १९०८ च्या आसपासचं. कायदा होऊन सतरा वर्षं झाली होती आणि तिच्या घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. नुसत्या कायद्यानं रीत बदलत नाही, हे टिळकांचं म्हणणं त्यामुळे मी खोटं म्हणू शकत नाही.

टिळकांनी पर्यायही पुढे केला होता. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांसमोर कलमंच ठेवली : मुलीचं लग्न १६ च्या आत नाही, मुलाचं २० च्या आत नाही, चाळिशीनंतर पुरुषानं लग्न करू नये, केलंच तर विधवेशी करावं, हुंडा बंद, विधवांचं केशवपन बंद. ज्यांना हे पटतं त्यांनी सह्या कराव्यात आणि सरकारनं हवा तर सही करणाऱ्यांपुरता कायदा करावा. बाराच्या जागी सोळा म्हणणारा माणूस बालविवाहाचा कैवारी कसा? हा युक्तिवाद मी मानतो. फक्त सही करणार बाप आणि नवरा. फुलमणीच्या घरात कुणी सही केली नसती, मग तिचं काय? आगरकर त्यांच्या 'सुधारक' पत्रातून याच प्रश्नाचा पाठपुरावा करत होते. ज्याच्या हातून इजा होते त्याच्या मर्जीवर संरक्षण सोपवता येत नाही.

आता रखमाबाईंचं प्रकरण बघा, कारण परकीय सत्तेच्या मुद्द्याची कसोटी तिथे लागते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे, दादाजीकडे, नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये इंग्रज न्यायमूर्तींनी हुकूम काढला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. बायकोला कोर्टाकरवी नांदायला भाग पाडण्याची ही तरतूद मुळात विलायती कायद्यातली. धर्मशास्त्रात तसला दावा नाही, हे आधीच्या निकालात न्यायमूर्ती पिन्हे यांनी स्पष्ट म्हटलं होतं. तरी टिळक दादाजीच्या बाजूनं उभे राहिले. म्हणजे इंग्रजाचं कोर्ट बाईला नवऱ्याच्या घरी धाडत होतं तेव्हा ते चाललं, आणि इंग्रजाचा कायदा मुलीला नवऱ्यापासून दोन वर्षं जास्त जपत होता तेव्हा चाललं नाही. टिळकांविषयी मनापासून आदर असूनही मला इथून पुढे त्यांच्याबरोबर जाता येत नाही. (पुढे २००० रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं काम केलं.)

मुलींच्या शिक्षणाबाबतही हेच दिसतं. पुण्यातल्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत इंग्रजी वळणाचं उच्च शिक्षण द्यायला टिळकांचा विरोध होता. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा, पैसा अपुरा आहे तर आधी मुलांचं करा, मुलींचं मागाहून, असं त्यांचं मत होतं. यात इंग्रजांचा संबंध नाही, नगरपालिका आपलीच होती.

सह्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद भरवली. टिळक तिथे आले आणि देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, या आशयाचं बोलले. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. मग मी स्वतःच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रकावर शिंद्यांनी त्यांची सही मागितली. ती त्यांनी केली नाही.