वसुलीवाल्यांचे फोन: आधी बघा, तुम्ही जामीन आहात की नुसता रेफरन्स

ताई, दिरानं मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज काढलं, तुम्हाला न विचारता तुमचा नंबर रेफरन्सला, म्हणजे ओळखीचा माणूस म्हणून टाकला, तीन हप्ते थकले आणि आता म्हापशात तुमच्या शिवणाच्या दुकानात दिवसाला पंधरा-वीस फोन, समोर गिऱ्हाईक माप द्यायला उभं असताना सुद्धा, आणि काल तर एकजण म्हणाला पोलीस घेऊन येतो. तुम्ही विचारताय, निम्मे भरून मोकळी होऊ का.

नका भरू. आधी एवढंच शोधून काढा की त्या कर्जात तुमची कुठं सही आहे का, किंवा तुमच्या मोबाइलवर ओटीपी येऊन तुम्ही तो कुणाला सांगितलाय का. दिराला समोर बसवा, लोन ॲग्रीमेंट उघडायला लावा, लाजेल पण लाजू दे. सही नसेल, ओटीपीही दिला नसेल, तर तुम्ही फक्त रेफरन्स, आणि रेफरन्सवर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही, मग फोनवरचा माणूस काही का म्हणेना.

हा फरक मी पैसे मोजून शिकलोय. मी डिचोलीचा, मित्राच्या टिपरच्या, म्हणजे खाणीवरच्या ट्रकच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. सुप्रीम कोर्टानं गोव्यातल्या खाणींच्या ८८ लिजेस रद्द केल्या आणि मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, टिपर त्याच्या दारात उभा, चाकांखाली गवत वाढलेलं, हप्ता मात्र दर महिन्याला हजर. मित्रानं फोन उचलणं बंद केलं तसे वसुलीवाले माझ्याकडे वळले. मी रोज ओरडायचो, कर्ज माझं नाही, कर्ज माझं नाही, आणि वकिलानं पाच मिनिटांत गप्प केलं, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे पैसे मागणं त्यांचं बरोबर होतं. मागायची पद्धत मात्र चूक होती, आणि तिथंच मी त्यांना धरलं.

सकाळी पोदेर, पाववाला, पों पों करत यायचा आणि त्याच वेळी फोन वाजायचा, सातसुद्धा झालेले नसायचे. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ ला स्पष्ट लिहून दिलंय की वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, धमकी, शिवीगाळ, सारखे सारखे फोन, चारचौघांत अपमान, घरच्यांना-मित्रांना-रेफरन्सना त्रास, हे काहीच चालत नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदार बँक किंवा फायनान्स कंपनीच. माझ्या वेळी हे २०२२ चं पत्र नव्हतं, पण वसुलीचे नियम तेव्हाही होते. आमच्या हिनं काय केलं, भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या नोंदीशेजारी प्रत्येक फोनची वेळ लिहायला सुरवात केली. एका चौकटीत अकरा आकडे दाटीवाटीनं बसलेले. त्या पानांचे फोटो तक्रारीला जोडले आणि आठवड्यात फोन थांबले, कर्ज राहिलं ते आम्ही नंतर मिटवलं.

तुम्हीही तेच करा. फोन एकदाच नीट उचला, आवाज चढवू नका, विचारा नाव काय, एजन्सी कुठली, कुणाच्या वतीनं बोलताय, ऑथरायझेशन लेटर मेल करा, आणि सांगा कॉल रेकॉर्ड होतोय. बहुतेक तिथंच ठेवतात. (मला एक जण दहा मिनिटांनी दुसऱ्या नावानं परत आला, आवाज तोच, मागं तसेच दहाजण तीच वाक्यं म्हणतायत.) मग त्या कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला मेल टाका: मी कर्जदार नाही, जामीन नाही, माझा नंबर काढा, अमुक तारखांना इतके फोन आले. फोनवरचं बोलणं हवेत जातं, मेल राहतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट तक्रार होते, माहितीसाठी फोन १४४४८. ती तक्रार दिराच्या नावानं करा, खातं त्याचं आहे.

डीएनडी, म्हणजे नको असलेले कॉल अडवायची नोंदणी, ती लावून हे फोन थांबत नाहीत बरं का, बरेच जण इथं फसतात. १९०९ वर नोंदवलं की जाहिरातीचे कॉल कमी होतात, ते प्लॉट आणि क्रेडिट कार्ड विकणारे, वसुली त्यात मोडत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर, हप्ता थकला म्हणून कुणी अटक करत नाही, तो दिवाणी मामला. चेक बाऊन्स झाला असेल तर गोष्ट वेगळी, तो फौजदारी, आणि कोर्टाचं खरं समन्स आलं तर टाळायचं नाही. व्हॉट्सॲपवर लाल शिक्क्याच्या लोक अदालतीच्या नोटिसा येतात, बघून हातपाय गार पडतात, पण लोक अदालतीत तडजोड दोघांच्या मर्जीनंच होते.

आता एक शंका. ते ॲप खरंच कुणाचं आहे ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर जुलै २०२५ पासून कर्जाच्या ॲपची यादी आहे, त्यात बँक किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीचं) नाव जोडलेलं दिसतं. त्यात नसेल आणि दिराच्या फोनमधली सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट ओढून नातेवाईकांना फोन जात असतील, फोटो बिघडवून पाठवत असतील, तर ही वसुली नव्हे, सरळ खंडणी. मग मेलबिल सोडा, स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे जा, पणजीजवळ रायबंदरला त्यांचं ठाणं आहे, पैसे गेलेले असतील तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावा, जितकं लवकर तितकं बरं.

आणि दिराला सांगा, एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक पैसा टाकायचा नाही, काय भरायचं ते कंपनीच्या खात्यात. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत मिटवणं, करायची तर रक्कम लिहिलेलं पत्र आधी, पैसे नंतर. सेटलमेंट केली की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, तसा शेरा पडतो, पुढं बाईकचं लोन मागायला गेला की तो आडवा येईल, त्यामुळे जमत असेल तर थोडं थोडं करून पूर्णच फेडलेलं बरं. त्याला चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत मिटवायचंय म्हणून घाई असेल, पण कर्ज फिटल्याची एनओसी हातात येईपर्यंत पावत्या फेकू देऊ नका.