चित्रात मला घरचा पाऊस दिसतो

प्रश्न : वासुदेव गायतोंडे यांच्या एका हिरवट-करड्या चित्राची छापील प्रत पाहिली आणि आई गेली त्या जुलैमधला आमच्या गावचा पाऊस आठवला. मैत्रीण म्हणाली, त्यात पाऊस नाहीच. मी चुकीचं पाहतेय का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, मुळीच नाही. मैत्रिणीचंही खरं आहे. गायतोंडे (१९२४–२००१) पाऊस काढत नव्हते. रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंग पसरवायच्या पातळ सुरीनं) रंगाचे थर चढवत, खरवडत. पण त्या थरांतून खालचा उजेड वर येतो. जांबोटीकडचा डोंगर पावसाळ्यात असाच अर्धा दिसतो, नाही का? तुमच्या आठवणीला तिथं जागा मिळाली.

मात्र आठवण आली म्हणून चित्र सोडू नका. पुन्हा पाहा. नेमका कुठला रंग, कुठली कड आईकडे नेते? ते वहीत लिहा.

चित्रकार सुधीर पटवर्धन यांची चित्रंही पाहा. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत त्यांनी कष्टकरी माणसं रंगवली. त्यांचे ते थकलेले, भरीव देह पाहताना मला निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून सुटणाऱ्या, नाकाला पदर लावलेल्या बायका आठवतात, आणि गळा दाटतो.

गायतोंडेंचं मूळ चित्र कुठं प्रदर्शनात लागलं तर जरूर जा. छापील प्रतीत थरांची खोली कळत नाही.