समोरून ठोकर बसलेली पल्सर घरी उभी करताना: आधी मोजमाप, मग सुटे भाग

नमस्कार. आपण लिहिले आहे की, आपली ११ वर्षे वापरलेली पल्सर १५० पुणे महामार्गावरून सोलापूरकडे येताना दुभाजकाला समोरून धडकली, पुढचे चाक मागे सरकून इंजिनाला जवळजवळ टेकले आहे, विमा केवळ त्रयस्थ पक्षाचा आहे, आणि आता जुळे सोलापुरातील घराच्या पडवीत ती स्वतः उभी करण्याचा विचार आहे. हेडलाइट, टाकी, हँडल आणि पुढचा मडगार्ड यांची यादी करून त्यातले काय आधी घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, यांतील एकही वस्तू सध्या घेऊ नये. डोळ्यांना जे तुटलेले दिसते त्यावर गाडीचे भवितव्य ठरत नाही. ते ठरते टाकीखाली झाकलेल्या चेसिसच्या डोक्यावर, म्हणजे ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो त्या हेडस्टॉकवर. तो सरळ असेल तर बाकीचे काम कष्टाचे असले तरी घरी होण्याजोगे आहे. तो वाकला असेल तर नवी टाकी आणि नवा हेडलाइट बसवूनही गाडी रस्त्यावर नेण्यालायक होणार नाही.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. आपल्या विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान येत नसल्याने दाव्याचा प्रश्न नाही. परंतु ज्यांच्याकडे संपूर्ण विमा असेल त्यांनी सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत एक बोल्टही सैल करू नये, कारण दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी संपूर्ण हानीत धरली जाते आणि सगळे गणितच बदलते. दुसरे असे की, दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. आपल्या हाती चार वर्षे उरली आहेत, त्यापुढे तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल. किती खर्च करायचा हे ठरवताना हा हिशेब मनात असावा.

आता मोजमापाकडे येतो. यासाठी फार महागडी साधने लागत नाहीत: गवंड्याचा ओळंबा, न ताणणारी बारीक दोरी, पोलादी पट्टी, एक जाड काच आणि शक्य झाल्यास उसना मिळालेला डायल गेज, म्हणजे बारीक बाक मोजणारे काट्याचे मापक. पडवीत शहाबादी फरशी असेल तर सांध्यापाशी ती हमखास उंचसखल असते, म्हणून डबल स्टँडचे दोन्ही पाय एकाच फरशीवर येतील अशी गाडी उभी करावी. मागच्या चाकाला वरून ओळंबा सोडून, टायरच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचे अंतर सारखे येईपर्यंत स्टँडच्या एका पायाखाली पत्र्याच्या चकत्या सरकवाव्यात. मागचे चाक असे ओळंब्यात आले की तेच आपले प्रमाण, आणि पुढचे प्रत्येक माप त्याच्याशी ताडून पाहायचे.

दोरीची चाचणी यानंतर करावी, परंतु तिच्याआधी मागचे चाक चिमट्यात, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या मागच्या दुहेरी दांड्यात, सरळ आहे याची खात्री करून घ्यावी. चेन ॲडजस्टरवरच्या खुणांवर विसंबू नये. चिमट्याच्या पिव्हट बोल्टच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी प्रत्यक्ष मोजावे. मग दोरी मागच्या टायरच्या एका बाजूच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कडांना टेकवून पुढच्या चाकाच्याही पुढे ताणून बांधावी, आणि दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. मागचा टायर १००/९०-१७ आणि पुढचा ८०/१००-१७ या मापाचा असल्यास (पहिला आकडा रुंदीचा) रुंदीत नावाला २० मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे हँडल सरळ धरल्यावर पुढच्या टायरच्या प्रत्येक बाजूला सुमारे १० मिलिमीटर फट दिसायला हवी. टायर कंपनीगणिक एकदोन मिलिमीटर कमीजास्त असतात, त्याचे काही नाही. डावीकडे १५ आणि उजवीकडे ५ अशी फट आली, तर मात्र चाक मध्यरेषेपासून ५ मिलिमीटर सरकले आहे. हे फोर्कमुळे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन पाईपांच्या जोडणीमुळे, झाले की चेसिसमुळे, हे दोरी सांगत नाही. म्हणून ही मापे वहीत लिहून ठेवावीत आणि फोर्क सरळ असल्याचे सिद्ध झाल्यावर पुन्हा घ्यावीत.

फोर्क उतरवल्यावर हेडस्टॉक उघडा पडतो (उतरवण्यापूर्वी करायचा एक छोटा प्रयोग पुढे फोर्कच्या भागात दिला आहे, तो आधी वाचावा). रॉकेलने धुऊन, कोरडा पुसून, दिवसाच्या उजेडात तो नीट पाहावा. समोरून बसलेल्या धक्क्यात फोर्क तरफेसारखा काम करतो. हेडस्टॉकचे खालचे तोंड मागे ढकलले जाते आणि वरचे पुढे ओढले जाते. त्यामुळे इंजिनासमोरून खाली उतरणारी नळी हेडस्टॉकच्या लगेच खाली दबते, तिथला रंग आडव्या रेषांत तडकतो, आणि त्या रेषांवरून नख फिरवले तर नळीला पडलेली घडी जाणवते. अशी घडी सापडली तर घरचे काम तिथेच थांबवावे.

घडी नसली तरीही मी एक चाचणी सुचवतो, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत. त्यांच्याकडून एक सरळ, सुमारे मीटरभर लांबीची सळई आणि तिच्यावर घट्ट सरकणारे दोन शंकू वळवून घ्यावेत. हेडस्टॉकमधून सळई आरपार घालून शंकू वरून व खालून बसवले की सळई आपोआप नळीच्या मध्यावर येते. मागचे चाक ओळंब्यात आहेच. आता गाडीसमोर चारपाच पावलांवर उकिडवे बसून, सळईपुढे ओळंबा सोडून एक डोळा मिटून पाहावे. बाजूने पाहिल्यास सळई तिरपी दिसणारच, ते तिचे कामच आहे. परंतु हेडस्टॉक सरळ असेल तर समोरून पाहताना ओळंब्याची दोरी आणि सळई वरपासून खालपर्यंत एकमेकींना झाकून टाकतात. त्या कुठे एकमेकींना छेदत असतील तर हेडस्टॉक पिळला गेला आहे. बाजूचा तिरपेपणा तपासण्यासाठी त्याच मॉडेलची, अपघात न झालेली एखादी गाडी शेजारी उभी करून दोन्हींचा कोन मोजावा. तिचा फोर्क उतरवण्याची गरज नसते, फोर्क पाईपला कोनमापक लावला तरी पुरते. अर्ध्या अंशाचा फरक मी मोजण्यातली चूक म्हणून सोडून देईन, एक अंशावर गेला तर सोडणार नाही.

चेसिस वाकलेली निघाल्यास तापवून, साखळीने ओढून सरळ करून देणारे भेटतील. तो मार्ग मी सुचवणार नाही, कारण पातळ नळी एकदा वाकून पुन्हा सरळ झाली की त्या जागी ती कमकुवत राहते आणि पुढचा खड्डा तिची परीक्षा घेतो. भंगारातून दुसरी चेसिस आणण्याचा विचार तर मनातही आणू नये. बहुतेक गाड्यांत चेसिस क्रमांक हेडस्टॉकवरच कोरलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याची चेसिस म्हणजे दुसऱ्याचा क्रमांक, आणि तो खरवडणे किंवा नव्याने ठोकणे हा गुन्हा आहे. चेसिस बदलायचीच असेल तर ती अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेऊन, एमएच-१३ च्या आरटीओ कार्यालयात आधी विचारणा करून, रीतसर नोंदीसह बदलावी. ११ वर्षांच्या गाडीसाठी हा खर्च परवडतो का, याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी येते.

हेडस्टॉक निर्दोष निघाला असे धरून आता फोर्ककडे वळतो. इथे मी स्वतः केलेली चूक सांगणे उपयोगाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी तुळजापूर रोडवर आडव्या आलेल्या जनावराला चुकवताना माझी गाडी पडली. हँडल एका बाजूला आणि चाक दुसऱ्या बाजूला, असे दिसल्याबरोबर मी दोन्ही फोर्क पाईप नवे घेऊन बसवले, आणि गाडी पूर्वीइतकीच वाकडी राहिली. जुने पाईप काचेवर लोळवून पाहिले तेव्हा ते सरळ असल्याचे कळले. पिळली होती ती खालची टी, म्हणजे दोन्ही पाईप आवळून धरणारा आडवा भाग; असा एक भाग हेडस्टॉकच्या वर आणि एक खाली असतो. म्हणून फोर्क उतरवण्यापूर्वीच एक सोपा प्रयोग करावा: खालच्या व वरच्या टीचे क्लॅम्प बोल्ट, मडगार्डचे बोल्ट आणि एक्सलचा नट सैल करावेत, चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरावे आणि हँडलला उलट बाजूने झटका द्यावा. हलक्या अपघातात पाईप वाकत नाहीत, केवळ क्लॅम्पमध्ये फिरून अडकतात, आणि कित्येकदा एवढ्यानेच सगळे जागेवर येते. आपला धक्का मोठा असल्याने इतके सोपे निघेल असे वाटत नाही; तरी पाच मिनिटांचा प्रयोग करण्यात काही जात नाही.

टी तपासण्यासाठी दोन्ही टी हेडस्टॉकवर बसवून, सरळ असल्याची खात्री झालेले दोन पाईप त्यांत घट्ट करावेत आणि पाईपांवर आडवी काच टेकवावी. काच चारही ठिकाणी बसली पाहिजे. एका कोपऱ्यावर दाबल्यावर दुसरा कोपरा टकटक वाजत असेल तर टी पिळली आहे, ती बदलावी. पाईपांसाठी डायल गेज उत्तम. पाईप दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, फिरवताना काटा जेवढा फिरतो त्याच्या निम्मा खरा बाक असतो, आणि ०.२ मिलिमीटर ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आहे. घडी किंवा चपटी जागा नसलेला थोडासा बाक प्रेसवर निघू शकतो, परंतु क्रोमला बारीक तडे गेलेले असतील तर तेवढ्यातून ऑइल सील कापले जाते आणि महिन्याभरात पाईपवरून तेल ओघळू लागते. पाईप फार महाग नसतो. मी तरी बदलेन. जोडताना सील नवे, खालच्या बोल्टचा तांब्याचा वायसर नवा, आणि दोन्ही पायांत तेल मोजून अगदी सारखे.

कोनसेट, म्हणजे हँडलचा दांडा ज्यावर फिरतो ते हेडस्टॉकमधले बेअरिंग, मात्र विचार न करता बदलावा. समोरच्या धक्क्यात पोलादी गोळ्या वाटीत खाचा पाडतात. अशा कोनसेटवर हँडल मधोमध आले की कुलपात अडकल्यासारखे थांबते आणि सरळ रस्त्यावर गाडी झुलू लागते. नवा बसवून आवळल्यावर, केबल मोकळ्या असताना आणि पुढचे चाक अधांतरी असताना, हँडल मध्यापासून हलकेच सोडले तर स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडले पाहिजे, आणि फोर्कची खालची टोके धरून पुढेमागे हलवल्यास खडखड जाणवता कामा नये.

चाकाबद्दल फार लिहीत नाही. अलॉय चाकाला तडा असल्यास वेल्डिंग करू नये, बदलावे. तारांचे असते तर तारा आवळून त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता आला असता. रिम फिरवताना आजूबाजूला किंवा वरखाली २ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये, डिस्क ०.३ पेक्षा जास्त नाही. हँडल आणि ब्रेक लिव्हर ठोकून सरळ करण्याचा मोह टाळावा.

गाडी आडवी पडून इंजिन काही काळ सुरू राहिले होते का, हे आठवून पाहावे. आडव्या गाडीत तेलाचा पंप हवा ओढतो. किक मारण्याआधी ऑइल काढून त्याला पेट्रोलचा वास येतो का पाहावे, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, आणि गिअर लिव्हर आत दबली असेल तर तिचा शाफ्ट वाकून सील गळत नाही ना, तेही पाहावे. हेडस्टॉकजवळून जाणारी वायरिंग धक्क्यात चेंगरते. टेप सोडून प्रत्येक वायर पाहिल्याशिवाय बॅटरी जोडू नये. ब्रेकचा होज बदलावा आणि फ्लुइड टाकीवर सांडू देऊ नये, ते रंग उचलते.

टाकीचा पोचा काढण्यासाठी तिला घरी वेल्डिंग लावण्याची कल्पना आपल्या पत्रात ओझरती आली आहे. ती सोडून द्यावी. पेट्रोल काढून टाकलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण आत उरलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक होते आणि उन्हात दोन दिवस ठेवूनही ती पुरती जात नाही. हे काम टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावे, आणि नेताना टाकी जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळावी, म्हणजे रिक्षात नव्या पोच्यांची भर पडणार नाही.

रंग घरी द्यायचा असेल तर वेळ पाहून द्यावा. एप्रिल-मेच्या दुपारी थिनर हवेतच उडून जातो आणि रंग पत्र्यावर खरबरीत बसतो. आजूबाजूला यंत्रमाग चालत असतील तर कापसाचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात. माझ्या पहिल्या टाकीवर ते इतके होते की शेजाऱ्यांनी ती कोणत्या कापडाची केली, असे विचारले. पहाटे, माग सुरू होण्याआधी, फरशीवर पाणी शिंपडून आणि लांबी (पुट्टी) घासलेली धूळ पुसून घेऊन रंग द्यावा. हँडलपासून मागच्या एक्सलपर्यंत सगळे बसल्यावर दोरीची चाचणी पुन्हा एकदा करून वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडावी.

पहिली फेरी वाहतूक नसलेल्या रस्त्यावर, २० ते ३० च्या वेगाने, पूर्ण हेल्मेट घालून आणि मागे कोणालाही न बसवता करावी. हँडल सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, आणि ब्रेक दाबताना ती ओढ वाढते का, याकडे लक्ष द्यावे. ब्रेकने वाढणारी ओढ बहुधा फोर्ककडे बोट दाखवते, सतत एकसारखी राहणारी चाकांच्या रेषेकडे. कोनसेट पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बसतो आणि सैल पडतो, तेव्हा त्या सुमारास तो पुन्हा आवळून, दोन्ही टीचे क्लॅम्प बोल्ट, एक्सलचे नट आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत. हेडस्टॉकमध्ये सळई घातल्यावर समोरून काय दिसले ते कळवा, शक्य असल्यास ओळंब्याच्या दोरीसह छायाचित्र टाका. सुटे भागांच्या यादीबद्दल त्यानंतर बोलू.