थायरॉइडच्या ऑपरेशननंतर डावा स्वरतंतू लुळा पडलाय. नस जोडली तर तो पुन्हा हलेल का?

ऑपरेशनला पाच महिने झालेत, बोलताना हवा निसटते आणि पाणी पिताना ठसका लागतो, असं तुम्ही लिहिलंय. नस जोडल्यावर आवाज चांगला भरून येऊ शकतो, पण स्वरतंतू पूर्वीसारखा उघडमीट करेल ही आशा धरू नका.

रिकरंट लॅरिंजियल ही एकच नस स्वरतंतू मिटवणाऱ्या स्नायूंकडेही जाते आणि तो उघडणाऱ्या एकमेव स्नायूकडेही. टोकं कितीही सुबक शिवली तरी आतले तंतू वाढताना जुनी वाट ओळखत नाहीत. मिटण्याचा संदेश उघडणाऱ्या स्नायूत जातो, दोघेही एकदम ओढतात आणि स्वरतंतू जागचा हलत नाही. मात्र स्नायू सुकायचा थांबतो, त्यात ताण येतो, कड मध्यरेषेला राहते. उजवा स्वरतंतू तिथवर येऊन टेकला की आवाजाला तेवढं पुरतं.

म्हणूनच उशिरा केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुधा तुटकी टोकं शोधत बसत नाहीत. मानेतल्या मोठ्या शिरेवरून जाणारी आन्सा सर्व्हायकॅलिस ही नस घेतात. ती गळ्याच्या पट्ट्यासारख्या स्नायूंना जाते, तिची उणीव सहसा जाणवत नाही. रिकरंट नस स्वरयंत्रात शिरण्याच्या थोडं आधी कापून, सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक नायलॉनच्या दोन-चार टाक्यांनी तिचं स्वरयंत्राकडचं टोक आन्साच्या टोकाला जोडतात. जोडावर ताण आला की फसलंच समजा.

नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. त्यामुळे फरक जाणवायला तीन-चार महिने आणि पूर्ण परिणामाला वर्षभर लागू शकतं. एक गोष्ट आधीच विचारून घ्या: उरलीसुरली नसही कापली जात असल्याने मधल्या काळात आवाज आणखी बसू शकतो. तो काळ निभावण्यासाठी त्याच वेळी स्वरतंतूत विरघळणाऱ्या जेलचं इंजेक्शन देतात.

तुमच्या बाबतीत आधी ऑपरेशन नोट मागवा. नस कापली गेल्याची नोंद असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. ती अखंड असेल, नुसती ताणली गेली असेल, तर वर्षभरात आपोआप सुधारणा होऊ शकते. स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी तपासणी, म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या संदेशांची नोंद, त्याचा अंदाज देते. तोवर जेलचं इंजेक्शन घेता येतं, ठसक्यालाही उपयोग होतो. भूल दिल्यावर सर्जनने ॲरिटिनॉइडचा, म्हणजे स्वरतंतू मागे ज्या छोट्या कूर्चेला जोडलेला असतो तिचा, सांधा हलवून पाहायलाच हवा. सांधाच जखडला असेल तर नस जोडून काही साधत नाही.

वय आणि उशीर, दोन्ही आड येतात. पन्नाशीच्या आत निकाल बरे लागतात. त्यापुढे बहुधा थायरोप्लास्टी, म्हणजे बाहेरून रोपण घालून स्वरतंतू आत ढकलणं, जास्त भरवशाची. मानेला रेडिएशन झालं असेल किंवा आन्सा आधीच कापली गेली असेल तर पर्याय आणखी आटतात.

दोन्ही स्वरतंतू लुळे असतील तर प्रश्न आवाजाचा नसून श्वासाचा असतो. तिथे हालचाल परत आणायचा खरा प्रयत्न होतो: श्वासपटलाच्या फ्रेनिक नसेचा एक फाटा उघडणाऱ्या स्नायूला जोडतात, म्हणजे श्वास घेताना स्वरतंतू आपोआप बाजूला व्हावेत. हे मोजक्याच ठिकाणी होतं आणि दर वेळी जमत नाही.