क्षमा करायची म्हणजे झालं गेलं विसरायचं का?

तुम्ही विचारलंय की ज्याने इतकं दुखावलं त्याला ख्रिस्ती माणसाने क्षमा कशी करायची, आणि म्हणजे सगळं विसरायचं का. विसरायचं नाही. विसरलेल्या गोष्टीची क्षमा करायची वेळच येत नाही.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत ‘ऋण’ सोडण्याबद्दल बोलतो. शब्द नीट बघा. समोरचा देणं लागतो, नुकसान खरं आहे, हे आधी मान्य. पण वसुली मी करणार नाही.

येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं, सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. एकाच घावाची क्षमाही तितक्यांदा करावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. घरच्याच एकाने मला फसवलं होतं. मनापासून क्षमा केली होती, तरी सहा महिन्यांनी लग्नाच्या पंगतीत त्याचा आवाज कानावर आला आणि हातातला घास तसाच राहिला. त्या रात्री पुन्हा पहिल्यापासून.

ओडिशात कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स आठवा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती आणि दोन लहान मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, बारिपदाला कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, शिक्षाही झाली.

म्हणून त्रास अजून चालू असेल तर आधी तिथून बाहेर पडा, तक्रार करा. प्रार्थनेत दुखावणाऱ्याचं नुसतं नाव घ्या. सुरुवातीला तेवढंही जड जातं.