पडद्यावरचा सर्वात भीतीदायक खलनायक कोणी उभा केला? माझं मत निळूभाऊंना

तुमचा प्रश्न असा की अमजद खान, अमरीश पुरी, नाना पाटेकर अशा मोठ्या नटांच्या खलनायकांत खरोखर अंगावर काटा आणणारा कोण, आणि हॉलिवूडचे नट त्यांच्या तुलनेत कुठे येतात. उत्तर आधीच देऊन टाकतो: 'सामना'मधले निळू फुले. का ते आता सांगतो.

मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे खलनायकाची ओळख सिनेमाच्या आधी दशावतार या लोकनाट्यात होते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्री देवळापुढे दहीकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, उभा राहतो. पायपेटी आणि मृदंगाच्या तालावर राक्षसपार्टीचा, म्हणजे राक्षसाचं काम करणारा, नट आरोळी ठोकत येतो. संहिता लिहिलेली नसते, संवाद जागच्या जागी सुचतात, आणि अगदी मागे गोधडी पांघरून बसलेल्या म्हातारीपर्यंत ते पोचावे लागतात. फार कठीण कला आहे ती. पण त्या राक्षसाचा पहाटेपर्यंत वध होणार हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे तिथली भीती हवीहवीशी वाटते.

'शोले'तला (१९७५) गब्बर मला त्याच घराण्यातला वाटतो. तीन गोळ्या हवेत उडवून, तीन माणसांना हसवून मग मारणं, हे उघड्या रंगमंचावरही तितकंच रंगेल. अमजद खान यांचं मोठेपण मला दुसऱ्याच जागी दिसतं. इमामचाचांचा मुलगा त्याच्यापुढे आणला जातो तेव्हा गब्बर आडवा पडून हातावर चढलेल्या किड्याकडे बघत असतो. एका फटक्यात तो किडा मारतो आणि पुढचं आपल्याला कळतं. आवाज नाही, हसणं नाही. माझ्या मते त्या तीन तासांहून लांब सिनेमातला तो सर्वात थंड क्षण आहे.

अमरीश पुरींची तुलना तर स्वतः अमरीश पुरींशीच करायला हवी. १९८७चा मोगॅम्बो सगळ्यांना पाठ आहे आणि मलाही आवडतो, पण त्याची भीती वाटली असं प्रामाणिकपणे कोण म्हणेल? 'निशांत'मधला (१९७५) थोरला जमीनदार बघा. शाळामास्तराची बायको त्याचे भाऊ भर गावातून उचलून नेतात, आणि हा माणूस काही विशेष घडल्याचं चेहऱ्यावरही आणत नाही. मास्तर पोलिसाकडे जातो, वर दाद मागतो, सगळीकडून रिकाम्या हाताने परततो. तेच डोळे, तोच खर्ज, पण इथे पुरी जवळजवळ काहीच करत नाहीत. दहशतीचं काम गाव करतं. खाली घातलेल्या माना, लावून घेतलेली दारं.

मला म्हणायचंय ते इथेच आहे. खरा भीतीदायक खलनायक भीती घालायला जात नाही. तो आपल्या घरात बसल्यासारखा निवांत असतो, आणि त्याचं वजन आजूबाजूच्या माणसांच्या वागण्यातून कळतं.

'सामना'तला साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील याचा कळस आहे. रस्त्यावर भेटलेल्या एका दारुड्या मास्तरला तो कुतूहलापोटी घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवतो. तो दिलदार आहे आणि ती दिलदारी खोटी नाही. निळूभाऊंनी हे ओळखलं होतं, म्हणून त्यांचा हिंदुराव मास्तरवर खरोखर जीव लावतो. मग डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर विचारायला लागतो, मारुती कांबळेचं काय झालं? पुन्हा विचारतो, आणखी एकदा विचारतो. त्या प्रश्नागणिक निळूभाऊंच्या चेहऱ्यावर जे होतं ते शब्दांत पकडणं अवघड आहे. राग नंतर येतो. आधी दुखावल्यासारखं काहीतरी येतं: एवढं केलं तुझ्यासाठी आणि तू हे विचारतोस? खून पचवलेल्या माणसाला आपणच दुखावलो गेलो असं मनापासून वाटतं, याच्याइतकं भयंकर मी पडद्यावर दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या किनाऱ्यावर साखर कारखाना नाही, तरी हा माणूस आम्हाला परका नाही. लग्नाला आहेर त्याचा, दवाखान्याला गाडी त्याची, आणि जमिनीचा व्यवहार त्याला विचारल्याशिवाय नाही.

हे करणारा नट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, पुण्यात माळीकाम केलेला, आयुष्यभर सामाजिक चळवळींना हात देणारा माणूस होता. आणि गावोगावच्या बायका त्यांना खरोखरचा दुष्ट समजून शिव्या घालत. याहून मोठी पावती नटाला कुठली हवी?

'सामना' आणि 'निशांत', दोन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. १९८३च्या 'अर्धसत्य'चीही त्यांचीच, आणि त्यात सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आहे. पडद्यावर वेळ थोडा, आवाज मऊ. कोठडीतल्या मृत्यूत अडकलेला फौजदार वेलणकर शेवटी त्याच्याकडे मदतीला जातो तेव्हा शेट्टी त्याला धमकावत नाही. सोडवतो म्हणतो, फक्त पुढे माझ्यासाठी काम कर. वेलणकरचे हात त्याच्या गळ्याकडे जातात ते या शांतपणामुळेच. 'सडक'मधल्या (१९९१) महाराणीलाही पुरस्कार मिळाला, पण मला शेट्टी कितीतरी वरचा वाटतो.

नाना पाटेकर आमच्या कोकणचे, मुरूड-जंजिऱ्याचे, म्हणून झुकतं माप द्यायचा मोह होतो. 'परिंदा'तल्या (१९८९) अण्णाला ते लागतही नाही, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलाच आहे. मात्र अण्णाची जात वेगळी. तो स्वतः घाबरलेला आहे, आगीला. ज्याला स्वतःची भीती आवरत नाही तो पुढच्या क्षणी काय करेल हे सांगता येत नाही, आणि नानांनी ती अस्वस्थता मानेपासून बोटांपर्यंत खेळवली आहे. हिंदुरावच्या सर्वात जवळ पोचतो तो हाच.

हॉलिवूडचं थोडक्यात. हीथ लेजरचा 'द डार्क नाइट'मधला जोकर थक्क करतो, पण धास्ती वाटत नाही. अँथनी हॉपकिन्स 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये (१९९१) कोठडीच्या मधोमध ताठ उभे राहून वाट बघतात, तेवढ्यानेच काम होतं. माझी पसंती मात्र 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मधल्या (२००७) हाविएर बार्देमला. पेट्रोल पंपावर तो नाणं उडवतो आणि म्हाताऱ्या मालकाला छापा की काटा विचारतो. आपण जिवाची पैज खेळतोय हे त्या म्हाताऱ्याला उशिरा, थोडंथोडं उमगत जातं. इथेही बार्देमइतकाच तो म्हातारा बघा.

'सामना' पाहिला नसेल तर आधी तो बघा, आणि मास्तर प्रश्न विचारत असताना नजर निळूभाऊंवर ठेवा. 'निशांत' त्याच आठवड्यात बघितलात तर दोघांतला फरक जास्त कळेल.